न दिसलेली कावीळ

धामापूरच्या तलावाविषयी लिहिणाऱ्यांची वाण नाही. १५३० साली विजयनगरच्या मांडलिकाने, नागेश देसायाने, तो बांधला, काठावर भगवतीचे देऊळ आहे, २०२० साली त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला, हे सारे कोणीही सांगेल. माझ्या आठवणीत मात्र त्या तलावाच्या पायऱ्यांवर एक माणूस बसलेला आहे. पाय सुजलेले, पोट घागरीसारखे पुढे आलेले, हातांच्या मात्र काड्या झालेल्या, आणि गळ्यात तुळशीची माळ. ते आमचे मास्तरकाका, वडिलांचे थोरले बंधू. साल १९६८, श्रावणाचे दिवस. दिवाळीपर्यंत ते राहिले नाहीत. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते.

काका शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पंचक्रोशीत त्यांना मान होता, पण शेवटच्या सहा महिन्यांत तो पार उतरला. पोटात पाणी झाले म्हणजे यकृत गेले आणि यकृत गेले म्हणजे दारू, हा हिशेब गावाला पाठ होता. "मास्तर चोरून पियत असतले," असे वाडीत उघड बोलले जाऊ लागले. मालवण तालुक्यात राहून ज्याने माळेपायी बांगड्याला हात लावला नाही, तो दारूला कशाला लावील, एवढा साधा विचार कोणाच्या मनात आला नाही. मुंबईस एका इस्पितळात दाखवले, तेथे पोटातले पाणी काढले, यकृतात हाताला लागणारी गाठ सापडली. केसपेपरवर पहिलाच प्रश्न होता, किती वर्षे पिता? काकांनी 'कधीच नाही' म्हणून सांगितले. लिहून घेणाऱ्याने मान वर न करता पुढचा प्रश्न विचारला. मी त्यांच्यासोबत होतो. त्या न उचललेल्या मानेचा अर्थ मला तेव्हाही समजला होता.

मी डॉक्टर नव्हे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पण काकांचा तो आजार माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि पुढे पंचवीस-तीस वर्षांनी आमच्याच घरात अशी एक गोष्ट घडली की, त्या आजाराचा इतिहास शोधणे मला भाग पडले. तो इतिहास मोठा चमत्कारिक आहे. त्यात मुंबईची एक तीन वर्षांची मुलगी आहे, जर्मनीतले गोदीकामगार आहेत, पुण्याची पितळी भांडी आहेत आणि आपल्या परसातला भुईआवळाही आहे.

काकांचे डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी प्रथम कावीळ उतरवणाऱ्याला बोलावले होते. वाचकांपैकी अनेकांनी हा प्रकार पाहिला असेल. रोग्याचे हात चुन्याच्या पाण्याने चोळायचे, परातीतले पाणी पिवळे झाले की कावीळ उतरली म्हणायचे. कोणी डोक्यावर काड्यांची माळ ठेवतात, ती दिवसागणिक सैल होत गळ्यात उतरते. कोणी दंडावर डाग देतात. सोबत भुईआवळ्याचा रस ताकातून. या उपायांनी माणसे बरी होत नसत असे मी म्हणणार नाही. होत असत. कारण घाणेरड्या पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांच्या बाबतीत चार-सहा आठवड्यांत आपली आपणच जाते. माळ गळ्यात उतरायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. काकांना मात्र तो उतरवणारा पाहूनच म्हणाला की, ही माझ्या हातची नव्हे. इस्पितळातल्या पहिल्या प्रश्नापेक्षा त्याचे हे उत्तर मला आजही अधिक प्रामाणिक वाटते.

आपल्या जुन्या वैद्यांना यातले काय ठाऊक होते? पुष्कळ होते. 'काळीज' हा शब्द आज आपण हृदयाच्या अर्थी वापरतो. पण अमरकोशात 'कालखंड' हा यकृताचाच पर्याय आहे, आणि खाटकाकडची 'कलेजी' अजून तो मूळ अर्थ सांभाळून आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तेराव्या अध्यायात उदररोग येतात, आठ प्रकारचे. त्यांतच यकृत वाढून होणारे उदर आणि जलोदर. पांडुरोग आणि कामला, म्हणजे आपली कावीळ, सोळाव्या अध्यायात. जुनाट होऊन बसलेल्या काविळीला चरकाने 'कुंभकामला' असे वेगळे नावही दिले आहे. निरीक्षण इतके बारीक की थक्क व्हावे. पण जी कावीळ कधी दिसलीच नाही तिचे काय? पोथीत त्या दोन रोगांच्या मध्ये दोन अध्याय आहेत. माणसाच्या आयुष्यात त्यांच्यामध्ये तीस-चाळीस वर्षे असतात. एवढ्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टींचा संबंध जोडणे कोणत्याही वैद्याला अवघडच.

युरोपातही हेच झाले. १८१९ साली लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने आकसलेल्या, गाठीगाठींच्या यकृताला 'सिरॉसिस' हे नाव दिले, तेही त्याच्या पिवळट तांबूस रंगावरून, ग्रीक शब्द घेऊन. (स्टेथोस्कोप काढला तोच हा गृहस्थ.) युरोपात दारू घरोघर होती. त्यामुळे सिरॉसिस आणि दारू यांची जी जोडी जुळली ती पाठ्यपुस्तकांतून थेट आमच्या मुंबईच्या केसपेपरवर येऊन बसली. दारूने यकृत बिघडते हे खोटे नव्हे, अगदी खरे आहे. खोटा आहे तो उलटा हिशेब, की ज्याचे यकृत बिघडले त्याने दारू प्यायलेलीच असणार.

हा उलटा हिशेब महाराष्ट्रातच एकदा फार ठळकपणे खोटा ठरला, आणि तो ठरवला एक-दोन वर्षांच्या बाळांनी. आपल्याकडे पूर्वी 'बालसिरॉसिस' म्हणून एक भयंकर आजार होता. चांगले गुटगुटीत मूल चिडचिडे होई, पोट वाढे, आणि काही महिन्यांत ते दगावे. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुले जात. लोक घराण्याचा शाप म्हणत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासह या मुलांचा अभ्यास केला. १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. मुलांच्या यकृतात तांब्याचा साठा प्रचंड होता. आणि आईच्या दुधाऐवजी या मुलांना फार लवकर जे गाईम्हशीचे दूध मिळाले होते, ते तांब्यापितळेच्या भांड्यांत तापवलेले, ठेवलेले असे. भांड्याला कल्हई नसली की दूध तांबे ओढून घेते. पितळी भांडी जाऊन स्टील आले, आईचे दूध अधिक दिवस पाजण्याविषयी सांगितले जाऊ लागले, आणि दहा-पंधरा वर्षांत हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. कल्हईवाल्याची हाक आळीतून गेली त्याचे आम्हाला वाईट वाटते, पण त्याच्यामागून गेले ते काय हेही स्मरणात ठेवावे. असो. मुद्दा असा की, सिरॉसिसला दारू लागतेच असे नाही हे आपल्या पुण्याच्या तान्ह्या मुलांनी दाखवून दिले.

काकांची गोष्ट पितळेची नव्हती. तिचा धागा दुसरीकडून येतो, सुईकडून.

१४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी लस. बसऱ्याहून जहाजाने आलेली ती लस ॲनाच्या दंडावर लागली, आणि तिच्या फोडातून काढलेला द्रव पुढच्या मुलांच्या दंडांत, त्यांच्यातून आणखी पुढच्यांच्या, अशी ती देशभर गेली. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. बर्फ नव्हता, बाटल्या नव्हत्या. या रीतीने लक्षावधी मुले देवीपासून वाचली. पण एका माणसाच्या अंगातला द्रव दुसऱ्याच्या अंगात घातला की त्याबरोबर आणखी काय जाते, हे कोणाला ठाऊक नव्हते. ते प्रथम उघडकीस आले जर्मनीतल्या ब्रेमेन शहरी. तेथल्या एका जहाजाच्या कारखान्यात १८८३ साली १,२८९ कामगारांना मानवी द्रवापासून केलेली देवीची लस दिली गेली. पुढच्या काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. ज्यांना ती लस दिली नव्हती त्या कामगारांना काहीच झाले नाही. ल्यूरमन नावाच्या डॉक्टरने १८८५ साली हे प्रसिद्ध केले, आणि जगाने ते वाचून बाजूला ठेवले.

पुढची किंमत मोठी होती. १९४२ साली अमेरिकी सैन्याला पीतज्वराची लस देण्यात आली. ती टिकावी म्हणून तिच्यात माणसांच्या रक्तातला द्रव मिसळलेला होता. जवळजवळ पन्नास हजार सैनिक कावीळ होऊन इस्पितळात पडले. या सैनिकांची गोष्ट येथेच संपत नाही, तिच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे. कारण तिच्यातच आमच्या काकांच्या आजाराचे कोडे दडलेले आहे.

एवढे झाल्यावर डॉक्टरांच्या ध्यानात आले की कावीळ एक नव्हे. १९४७ साली मॅक्कॅलम या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन नावे दिली: पाण्या-अन्नातून येणारी ती 'ए', रक्तातून येणारी ती 'बी'. याच पाण्याच्या काविळीचा एक भयानक उद्रेक १९५५ च्या अखेरीस दिल्लीत झाला. यमुनेचे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरले आणि सुमारे २९ हजार माणसे पिवळी पडली. ही 'ए'च, असे सारे धरून चालले होते. पण त्या रोग्यांच्या रक्ताचे नमुने कोणीतरी जपून ठेवले होते. १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांसह ते तपासले. ती 'ए'ही नव्हती आणि 'बी'ही नव्हती, तिसरीच होती. तिला पुढे 'ई' म्हणू लागले. पंचवीस वर्षे शीतपेटीत पडून राहिलेल्या रक्ताने साक्ष दिली! इतिहास शिकवणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटावा. आमच्या काकांचे रक्त कोणी जपून ठेवले नाही.

आता 'बी'कडे. ती सापडली ती तिला न शोधणाऱ्या माणसाला. बारूच ब्लुंबर्ग हा अमेरिकी शास्त्रज्ञ देशोदेशींच्या माणसांच्या रक्तातले भेद गोळा करीत हिंडे. एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्याला असे एक प्रथिन आढळले की, वारंवार रक्त भरावे लागलेल्या एका अमेरिकी रोग्याचे रक्त त्याच्याशी झगडत होते. १९६५ साली त्याने ते प्रसिद्ध केले. नाव दिले 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. हे प्रथिन म्हणजे 'बी' काविळीच्या विषाणूचे कवच, हे ध्यानात यायला आणखी दोन-तीन वर्षे लागली. त्याच्याच प्रयोगशाळेत काम करणारी एक मुलगी आजारी पडली आणि तिच्या रक्तात ते नव्याने उगवले, तेव्हा संशय पक्का झाला. १९७६ साली ब्लुंबर्गला नोबेल पारितोषिक मिळाले. आमचे काका गेले १९६८ साली. म्हणजे त्यांच्या रोगाचे कारण तेव्हा जगात सापडलेले होते, पण फिलाडेल्फियाहून मालवणपर्यंत यायला त्याला फार वेळ लागला.

ब्लुंबर्गचे आणि आपल्या परसाचे नाते पुढे जुळले ते असे. मद्रासच्या डॉ. त्यागराजन यांनी भुईआवळ्याची परीक्षा करावयाचे ठरवले आणि ब्लुंबर्ग त्यांच्या कामात सामील झाला. १९८८ साली त्यांचा निबंध आला. रक्तात 'बी' बाळगणाऱ्या ३७ जणांना भुईआवळा दिला, त्यांपैकी २२ जणांच्या रक्तातून ते प्रथिन गेले. नुसत्या खोट्या गोळ्या घेतलेल्या २३ पैकी एकाच्याच गेले. केवढा आनंद झाला असेल! पण इतर देशांत तसेच प्रयोग केले तेव्हा तो गुण आला नाही. आजीच्या औषधाला नोबेलवाल्याचा पाठिंबा मिळाला म्हणून मीही तेव्हा हुरळलो होतो. नंतरचे निकाल मात्र आमच्या वर्तमानपत्रांनी छापल्याचे मला आठवत नाही. भुईआवळा वाईट नव्हे, पण ही कावीळ त्याच्या भरवशावर सोडू नये.

कावीळ आणि यकृताचा कॅन्सर यांची गाठ कोणी मारली? मुळात यकृतात सापडणाऱ्या बहुतेक गाठी दुसरीकडून, पोटातून, आतड्यातून, स्तनातून आलेल्या असतात. यकृतातच मूळ धरणारा कॅन्सर वेगळा. तो आफ्रिकेत आणि पूर्व आशियात फार, युरोपात कमी. डाकारच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९५६ सालीच सुचवले होते की याच्या मुळाशी कावीळ असावी. मुंबईत त्या काळी डॉ. वसंत रामजी खानोलकर टाटा रुग्णालयात कॅन्सरचा संबंध माणसांच्या सवयींशी जोडून दाखवीत होते: तंबाखू, पान, विडी. ते काम मोलाचे होते. परंतु यकृताच्या या कॅन्सरला सवय अशी कोणतीच नव्हती. माणसाने केलेले काही नव्हतेच, त्याच्यावर घडलेले होते.

याचा निर्विवाद पुरावा तैवानमधून आला. रॉबर्ट बीस्ली या अमेरिकी डॉक्टरने तेथल्या २२,७०७ सरकारी नोकरांचे रक्त तपासले आणि मग तो नुसता थांबला. ३,४५४ जणांच्या रक्तात 'बी' होती, बाकीच्यांच्या नव्हती. १९८१ साली त्याने आकडे दिले. एवढ्या काळात ४१ जण यकृताच्या कॅन्सरने मेले, त्यांपैकी ४० जण त्या ३,४५४ मधले होते. उरलेल्या एकोणीस हजारांतून एकच! सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचे नाते जगाला ठाऊक आहे. हे नाते त्याहून कितीतरी घट्ट निघाले.

मग अमेरिकी सैनिकांचे काय? त्यांच्या अंगातही हीच 'बी' गेली होती, हे १९८७ साली रक्त तपासून सिद्ध झाले. पण त्यांच्यात चाळीस वर्षांनीसुद्धा कॅन्सरची लाट आली नाही. रक्तात विषाणू टिकून राहिलेले हजारात दोन-तीनच निघाले. कोडे होते ते हेच, आणि त्याचे उत्तर वयात आहे. धडधाकट तरुणाला 'बी' झाली तर त्याचे शरीर लढते; तो पिवळा पडतो, आडवा होतो, आणि बहुधा विषाणूला हाकलून देतो. जन्मताना आईच्या रक्तातून मुलाला ती मिळाली तर मुलाचे शरीर लढतच नाही. शत्रू आहे हेच त्याला कळत नाही. मूल पिवळे पडत नाही, रडत नाही, चांगले वाढते. दहापैकी नऊ मुलांत तो पाहुणा जन्मभर राहतो. पुढे केव्हातरी, विशी-तिशीत, शरीर जागे होते आणि आपल्याच यकृताच्या पेशी मारू लागते. मारलेल्या जागी नवी पेशी, पुन्हा मारणे, पुन्हा नवी. त्या झटापटीत वण धरत धरत यकृत दगडासारखे होते. तोच सिरॉसिस. नव्या पेशी घाईघाईने घडताना चुका होतात, शिवाय हा विषाणू आपले तुकडे पेशीच्या मूळ बीजातच घुसवून ठेवतो. त्यामुळे कधी कधी सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होतो.

म्हणजे जी कावीळ दिसली, जिच्यासाठी आम्ही माळा घातल्या, डाग दिले, ती बहुधा बरी होणारी होती. जी मारणारी होती ती कोणाला दिसलीच नाही.

हे सगळे मी वाचले ते १९९४ नंतर. त्या वर्षी मुंबईला माझ्या आतेबहिणीने तिच्या कचेरीतल्या रक्तदान शिबिरात रक्त दिले. महिन्याभराने बंद पाकिटातून पत्र आले: आपले रक्त वापरता आले नाही, डॉक्टरांना भेटावे. 'बी' होती. ती एकोणचाळीस वर्षांची, ठणठणीत, लोकलच्या गर्दीत रोज दोन तास उभी राहणारी. तिला काही केल्या पटेना. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी आईला आणायला सांगितले. आत्या तेव्हा सहासष्ट वर्षांची होती. तिच्याही रक्तात तेच. मग आम्ही सगळ्यांनीच तपासून घेतले. माझे वडील सुटले होते, आम्ही त्यांची मुलेही. आतेबहिणीची दहा वर्षांची मुलगी सुटली नव्हती.

तेव्हा मला काका दिसले. आणि दुसरे काकाही, गिरणीत होते ते, १९७४ साली तशाच पोटाने गेले; त्यांच्या बाबतीत तर दारूची शंका घ्यायला गिरणगाव पुरेसे होते. आत्या, मास्तरकाका, गिरणीवाले काका, ही तिघेही एका आईची. आमची आजी ऐंशी वर्षे जगली आणि कधी आजारी पडली नाही. असेही पुष्कळांचे होते. विषाणू असतो आणि काही करीत नाही. आजीला तो कोठून आला असेल? तिच्या आईकडून, की जत्रेत गोंदवून घेतलेल्या तुळशीवृंदावनातून, की आणखी कशातून? आमच्या लहानपणी तालुक्याच्या एका दवाखान्यात काचेची एकच पिचकारी असे. सकाळी ती उकळत, पण दुपारी गर्दी झाली की सुई नुसती स्पिरिटने पुसून पुढच्याला टोचत. आम्ही रांगेत उभे राहून पाहिले आहे. आजीच्या वेळचा नक्की मार्ग आता कोणी सांगू शकणार नाही. पुरावा म्हणाल तर तो एवढाच, एक जिवंत बहीण आणि तिच्या पोटची दोन माणसे. न्यायालयात तो टिकणार नाही, पण मास्तरकाकांना दारुडे ठरवणाऱ्या पुराव्यापेक्षा तो नक्कीच बळकट आहे.

येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. आईकडून आली म्हणजे आईचा दोष असे म्हणणारे आमच्या नात्यातही निघाले. आतेबहिणीच्या सासरी काही दिवस तिची ताटवाटी वेगळी ठेवली होती. ही 'बी' ताटावाटीतून, मिठीतून, एकत्र जेवण्यातून पसरत नाही. ती रक्तातून, संबंधातून आणि आईकडून बाळाला जाते. घरात दाढीचे पाते आणि दात घासण्याचा ब्रश मात्र वेगळे ठेवावे.

रक्त भरण्यातून ती कशी येते याचे साऱ्या देशाला ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे अमिताभ बच्चन. २६ जुलै १९८२ रोजी बंगळूरला 'कुली'च्या चित्रणात त्यांना मार लागला आणि मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ते मृत्यूच्या दारातून परतले. देश देवळांतून नवस करीत होता. सुमारे दोनशे जणांनी दिलेल्या साठ बाटल्या रक्त त्यांना चढले, आणि त्यांतल्या एका दात्याच्या रक्तात 'बी' होती. वीसएक वर्षांनी कळले की पाऊण यकृत निकामी झाले आहे. ही हकीकत त्यांनी स्वतः वारंवार सांगितली, आणि २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे सदिच्छादूत म्हणून ते याच रोगाविषयी बोलत आले. चित्रपटातल्या त्यांच्या भूमिकांपेक्षा मला त्यांचे हे काम मोठे वाटते. एवढ्या मोठ्या माणसाने 'मला सिरॉसिस आहे' असे उघड म्हटल्यावर तरी 'पीत असतले' म्हणणारी तोंडे थोडी मिटली असतील.

रक्ताची तपासणी आता सक्तीची आहे. 'सी' नावाची आणखी एक रक्ताची कावीळ १९८९ साली सापडली, तिच्यासाठीही आपल्याकडे २००१ पासून दात्याचे रक्त तपासतात. आणि 'सी' तर आता तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांची पूर्ण जाते. सुईचा प्रश्न मात्र इतका सरळ सुटला नाही. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्याच सुया पुन्हा वापरल्यामुळे 'बी'ची साथ आली आणि कित्येक डझन माणसे दगावली. म्हणजे आमच्या लहानपणची ती पिचकारी नाहीशी व्हायला एकविसावे शतकही पुरले नव्हते.

'बी'वर लस आहे. कॅन्सर टाळणारी ती पहिली लस. १९८१ साली ती प्रथम आली तेव्हा माणसांच्याच रक्तातून काढीत, १९८६ पासून यीस्टमध्ये तयार होऊ लागली. तैवानने १९८४ साली सर्वांआधी आपल्या नवजात मुलांना ती द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांत तेथल्या सहा ते चौदा वयाच्या मुलांतला यकृताचा कॅन्सर निम्म्यावर आला. आपल्याकडे परदेशी लस सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढली आणि भाव कोसळला; पुढे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती करू लागली. २००२ पासून काही शहरा-जिल्ह्यांत आणि २०११ पासून देशभर ती सरकारी लसीकरणात फुकट मिळते. पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी. त्या पहिल्या चोवीस तासांवरच सारे अवलंबून आहे. बारशाला, पाचवीला, चांगला दिवस पाहून टोचू म्हणणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. विषाणू पंचांग पाहत नाही.

ज्यांच्या रक्तात 'बी' आहे त्यांच्यासाठी गोळ्या आहेत, २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत आहेत. आणि दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करीत राहिले तर गाठ लहान असतानाच सापडू शकते. पण आधी ठाऊक तर पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख माणसांच्या अंगात 'बी' होती. त्यांतल्या फार थोड्यांना ते माहीत आहे.

आतेबहिणीच्या त्या मुलीला २०१२ साली मुलगी झाली. गरोदरपणीच डॉक्टरांना सांगून ठेवलेले होते. बाळ जन्मल्यावर काही तासांतच एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिकारद्रव्याची सुई. वर्षाने रक्त तपासले, नाही. चार पिढ्यांनंतर प्रथमच. ती मुलगी मे महिन्यात धामापूरला येते, तलावात डुंबते, आणि आमच्या घरात कोणी इतका वेळ पाण्यात राहिले नसेल इतका वेळ राहते.

राहिली माईकाकी, मास्तरकाकांची बायको. आतेबहिणीचे निदान झाल्यावर १९९५ च्या मे महिन्यात मी मुद्दाम धामापूरला गेलो. काकी तेव्हा सत्तरीला टेकलेली, ओटीवर आमसुले निवडीत बसली होती. सत्तावीस वर्षे तिने ते दारूचे बोलणे ऐकले होते. एकदा विहिरीवर कोणी तोंडावर म्हटले तेव्हा भरलेली कळशी तेथेच ठेवून परत आली होती. मी तिला सगळे समजावून सांगितले. आजी, आत्या, रक्त, विषाणू, तैवान, माझ्या परीने जमेल तेवढे. तिने आमसुले निवडायचे थांबवले नाही. सगळे झाल्यावर म्हणाली, "माका कित्याक सांगतंस? माझ्या घोवान उभ्या जन्मात थेंब घेऊक नाय, ता माका ठावक आसा. वाडीत जावन सांग."

मी वाडीत गेलो. बोलणाऱ्यांपैकी दोघेच उरले होते. एकाला ऐकू येत नव्हते. दुसऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले, पान लावले, आणि विचारले की, त्याच्या धाकट्या भावाचे पोट गेल्या वर्षापासून सुजते आहे, तो तर पीत नाही, त्याचे रक्त कोठे तपासून मिळेल.